गोळीने बरं वाटलं, मग दुर्बीण कशाला?

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मावसभावाने एक मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत तोच सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरूनही येऊन पोचला. वर ‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ आणि शेवटी जोडलेले हात. मधला मजकूर थोडक्यात असा: पोटात कॅन्सर असता तर दुखलं असतं. गोळीने आराम पडला म्हणजे साधं पित्त. तिखट सोडा, गार दूध प्या. फारच शंका आली तर सोनोग्राफी आणि रक्ताची ‘कॅन्सर टेस्ट’ करा. दुर्बीण हा धंदा आहे. आणि तुकडा काढू दिलात तर झोपलेला कॅन्सर जागा होतो.

मी दुर्बिणीच्या, म्हणजे एंडोस्कोपीच्या खोलीत टेक्निशियन आहे. तोंडातून जठरापर्यंत कॅमेऱ्याची नळी घालून आत बघतात, तीच ही दुर्बीण. दुर्बीण डॉक्टर चालवतात. मी शेजारी उभा राहून बायोप्सीचा, म्हणजे तपासायला तुकडा काढायचा चिमटा आत सरकवतो, तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतो आणि नंतर दुर्बीण धुतो. मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी पेशंटच्या तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

‘असता तर दुखलं असतं.’ चिमट्याने जठराच्या अस्तराचा तुकडा तोडतो तेव्हा पेशंट बरेचदा जागा असतो. घशात फवारा मारलेला, दातांत प्लॅस्टिकचं कडं धरलेलं, डोळ्यांतून पाणी. पण तुकडा तुटला ते त्याला कळत नाही. कापल्याची वेदना त्या अस्तराला नसतेच. मग त्याच अस्तरावर नखाएवढा डाग पडला तर तो काय ओरडून सांगणार आहे? जपानमध्ये १९६२ साली ‘सुरुवातीचा जठराचा कॅन्सर’ कशाला म्हणायचं ते ठरलं: अस्तर आणि त्याच्या लगेच खालचा थर, एवढ्यातच असलेला. पडद्यावर तो दिसतो म्हणजे काय, तर जराशी लाली, एखादा फिकट पट्टा, उथळ खळगी. शिकाऊ डोळ्याला तर दिसतही नाही. फेस धुऊन, हवा भरून, सुरकुत्या उलगडून पाहावं लागतं. या टप्प्यावर हाती लागला तर उपचारानंतर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जातं, आणि निवडक पेशंटमध्ये पोट न उघडता दुर्बिणीतूनच तेवढं अस्तर सोलून काढता येतं. दुखायला लागून, वजन उतरून पेशंट येतो तेव्हा तो बहुतेक वेळा खोल गेलेला असतो.

‘गोळीने आराम पडला म्हणजे पित्तच.’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ऐकायला ते पटतं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी आम्ल कमी करते. आम्ल कमी झालं की कॅन्सरच्या जखमेचीही जळजळ थांबते. एवढंच नाही, ती जखम वरून काही काळ भरूनही येते आणि दुर्बिणीतसुद्धा चकवते. म्हणूनच जठरात अल्सर, म्हणजे अस्तरावरची जखम दिसली की कडेकडेने पाच-सहा तुकडे घेतात आणि गोळ्यांचा कोर्स झाल्यावर पुन्हा दुर्बीण घालून ती भरली का ते बघतात. पुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या अल्सरचं असं नसतं. तो कॅन्सरचा निघणं फार दुर्मीळ, त्याला बहुधा दुसऱ्यांदा दुर्बीण लागत नाही. ‘अल्सर आहे’ एवढंच ऐकून घरी जाऊ नका, कुठे आहे ते विचारा.

तिखटाचंही सांगतो. मिरचीने जळजळ वाढते, पण बहुतेक अल्सर तिने होत नाहीत. ते होतात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूने आणि दुखण्याच्या गोळ्या सतत खाल्ल्याने. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हे मांडलं तेव्हा कुणी मानेना. शेवटी १९८४ साली मार्शल स्वतःच तो जंतू प्यायले. आठवड्याभरात ओकाऱ्या सुरू झाल्या, दुर्बिणीत जठराला सूज दिसली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. जंतू असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही हेही खरं, पण सापडला तर अँटिबायोटिकने तो घालवता येतो. आमच्याकडे तुकडा छोट्या पिवळ्या किटवर ठेवतात, जंतू असेल तर पिवळ्याचं गुलाबी होतं. मात्र पित्ताची गोळी चालू असेल तर जंतू असूनही किट पिवळंच राहू शकतं. गोळी दोन आठवडे आधी थांबवायची असते, आणि ‘गोळी बंद होती का?’ हे विचारलं की पेशंट हमखास बायकोकडे बघतो. गार दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग तेच दूध आम्ल वाढवतं.

सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडनी छान दिसतात. जठरात हवा असते, ध्वनिलहरी तिथून परत फिरतात, त्यामुळे अस्तरावरचा डाग काही दिसत नाही. रक्ताच्या ‘कॅन्सर प्रोफाइल’मध्ये सीईए आणि सीए १९-९ ही कॅन्सरमध्ये वाढू शकणारी द्रव्यं मोजतात. पण सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत नुसतंच वाढलेलं असू शकतं, सीए १९-९ कावीळ झाली तरी चढतं, आणि काही लोकांच्या शरीरात ते तयारच होत नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दोन्ही बहुधा नॉर्मल असतात. त्यांचा खरा उपयोग निदान झाल्यावर, उपचार लागू पडतोय का, आजार परत येतोय का हे पाहायला. त्यापेक्षा साधं हिमोग्लोबिन जास्त बोलतं. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरत असेल तर रक्त कुठे जातंय हे शोधायलाच हवं. शी डांबरासारखी काळी, चिकट होते का तेही पाहा. (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, घेत असाल तर आधी सांगा.)

तुकड्याची भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. तुकडा काढला, आठवड्याने रिपोर्ट आला, सहा महिन्यांत माणूस गेला. घरच्यांच्या लक्षात क्रम राहतो आणि दोष चिमट्याला लागतो. लिव्हरच्या काही गाठींत बाहेरून सुई घातली तर वाटेत पेशी रुजण्याचा थोडा धोका असतो, तिथे डॉक्टरही जपूनच निर्णय घेतात. जठरात आपण आतूनच, पृष्ठभागावरून तांदळाच्या कणीएवढं उचलतो. त्या पेशी तशाही रोज झडून आम्लात पडत असतात. आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात नसताना ऑपरेशन किंवा केमो सहसा कुणी करत नाही.

राहिला धंदा. इथे मेसेजवाल्याला निम्मे मार्क. पंचविशीतल्या पोराला परीक्षेच्या दिवसांत आंबट ढेकर आले म्हणून लगेच दुर्बीण नको, आणि तसं होताना मी पाहिलेलं आहे. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर आणि जपानमध्ये पन्नाशीनंतर लक्षणं नसतानाही दोन-दोन वर्षांनी जठर तपासतात, कारण तिथे हा कॅन्सरच जास्त. भारतात मिझोराममध्ये तो खूप आहे, आपल्याकडे त्या मानाने कमी. त्यामुळे आपल्याकडे सरसकट तपासणीला अर्थ नाही, माणूस बघून ठरवायचं. घास अडकतो, वजन घटतंय, दोन घासांत पोट भरतं, उलट्या थांबत नाहीत, रक्त कमी झालंय, सख्ख्या नात्यात जठराचा कॅन्सर आहे, किंवा पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच हे ‘पित्त’ सुरू झालंय: यातलं एकही असेल तर दुर्बीण टाळू नये. तंबाखू-मिश्री असेल तर अजिबातच टाळू नये.

एवढं ग्रुपवर टाकलं. मावसभावाने तिथे अंगठासुद्धा दाखवला नाही. रात्री साडेदहाला फोन आला. मावशीचे ब्लाउज दिवाळीपासून सैल व्हायला लागलेत, जेवायला बसली की अर्ध्या भाकरीत उठते, आणि विचारलं की म्हणते पित्तच आहे.

“उपाशी किती तास ठेवायचं तिला?”

“रात्री हलकं जेवू दे, सकाळी चहासुद्धा नको. आणि कसल्या गोळ्या खाते त्यांची पाकिटं घेऊन ये.”