‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन’ची उलटतपासणी

व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरणारा हा मेसेज बहुतेकांनी वाचला असेल. आज रात्री १२.३० ते ३.३० या वेळात कॉस्मिक किरण पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करा, अंगापासून दूर ठेवा, खात्री करायची तर गूगल, नासा आणि बीबीसी पाहा. एखाद्या गॅमा किरण स्फोटाची, म्हणजे दूरच्या अवकाशातून थोडा वेळ येणाऱ्या अतिऊर्जावान प्रकाशाच्या झोताची, बातमी वाचून ‘म्हणजे तो मेसेज खरा होता तर’ असे म्हणणारेही भेटतात. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘कॉस्मिक किरण जाणार आहेत.’ जाणार आहेत कसले, ते अखंड येतच असतात. कॉस्मिक किरण किंवा विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन, अणुकेंद्रातले विद्युतप्रभार असलेले कण, आणि त्यांना रात्र-दिवस नाही. उलट गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणींना त्यांचा जाचच होतो. नासाच्या फर्मी या अवकाश दुर्बिणीच्या मुख्य उपकरणाभोवती खास प्लॅस्टिकच्या ८९ फरशांचे कवच आहे. ते विश्वकिरणांना अडवत नाही, ओळखते. प्रभारित कण फरशीतून गेला की चमक उमटते. गॅमा किरणाला प्रभार नाही, तो सहसा निमूट आत शिरतो. चमक उमटली की ती नोंद बाद. मेसेजला ज्याची भीती वाटते, ते दुर्बिणीच्या लेखी झाडून टाकायचा कचरा आहे.

‘साडेबारा ते साडेतीन.’ खरी गंमत या वाक्यात आहे. थोडाच वेळ टिकणारी किरणांची लाट म्हणजे गॅमा किरण स्फोट, असे धरू. बहुतेक स्फोट काही सेकंदांत किंवा मिनिटांत आटोपतात, पण तो मुद्दा गौण. मुद्दा असा, की ही वेळ आधी कळणार कुठून? स्फोटाची बातमी घेऊन येतो तो त्याचाच प्रकाश, आणि प्रकाशाच्या पुढे धावून सांगावा आणणारे कोणी नाही. फर्मी दुर्बीण पहारेकरी आहे, पंचांग नव्हे.

तिची रचनाही पहाऱ्याचीच आहे. फर्मीवरच्या स्फोट टिपणाऱ्या उपकरणात सोडियम आयोडाइडचे १२ स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले आहेत. संगणक प्रत्येकात किती किरण पडतात ते मोजत राहतो. किमान दोन स्फटिकांत एकाच वेळी आकडा नेहमीच्या पातळीवरून अचानक उसळला, तरच तो दखल घेतो. एकट्याची साक्ष चालत नाही. कोणत्या स्फटिकात किती पडले यावरून दिशेचा ढोबळ अंदाज येतो. नासाच्याच स्विफ्ट या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीची युक्ती याहून देखणी. तिच्या डोक्यावर शिशाच्या ५० हजारांहून अधिक लहान तुकड्यांची विस्कळीत नक्षी आहे, तिची सावली खालच्या डिटेक्टरांवर कशी पडली यावरून स्फोटाची जागा काढली जाते. मग जमिनीवरून हुकमाची वाट न पाहता स्विफ्ट स्वतःच तिकडे वळते आणि मागे उरलेला, विझत जाणारा उजेड टिपू लागते. वेळ आधी ठाऊक असती, तर एवढ्या धावपळीची गरज काय होती?

९ ऑक्टोबर २०२२ रोजी आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी स्फोट आला. फर्मीचे डिटेक्टर त्याने अक्षरशः दिपवले. स्विफ्टला तो जवळपास तासाभराने दिसला, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात दिसल्यामुळे आधी आपल्याच दीर्घिकेतला एखादा नवा स्रोत समजला गेला. फर्मीच्या नोंदीशी सांगड घातल्यावर उलगडा झाला. विक्रमी स्फोटाची ही कथा, आणि मेसेजवाल्यांना म्हणे सुरुवात आणि शेवट दोन्ही मिनिटासकट माहीत!

एक अपवाद मांडायलाच हवा. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांवर आदळल्याचे टिपले गेले, तेव्हा गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, गॅमा किरणांच्या आधी पोहोचल्या. किती आधी? १.७ सेकंद. तेही नंतर हिशेब केल्यावर कळले. फर्मीचा आपोआप निघालेला संदेश आधीच शास्त्रज्ञांच्या हाती पडला होता.

‘पृथ्वीच्या अगदी जवळून.’ बाजूने निघून गेलेला झोत दुर्बिणीला दिसतच नाही. तिच्यावर पडला तरच दिसतो. राहिले जवळ असणे. २०२२ च्या स्फोटाचा प्रकाश सुमारे १.९ अब्ज वर्षे प्रवास करून आला होता.

‘मोबाइल बंद करा, अंगापासून दूर ठेवा.’ गॅमा किरण उशीपर्यंत पोहोचत असते, तर फर्मी ५०० किलोमीटरहून अधिक उंचीवर धाडण्याचा खर्च कोणी केला नसता. गच्चीवर ठेवली असती. आपल्या डोक्यावरची हवा किरण अडवण्याच्या बाबतीत सुमारे १० मीटर खोल पाण्याच्या थराइतकी आहे. त्यातून वाट काढायची झाली तरी फोन चालू आहे की बंद, हे गॅमा किरण विचारत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करावी लागते. २०२२ च्या स्फोटाने पृथ्वीच्या वातावरणातले आयनांबर (वरच्या हवेचा विद्युतप्रभारित थर) खरोखर हलवले होते. फार कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींत तो बदल दिसला. १९८३ मधल्या एका स्फोटानेही असेच केले होते. पण मोबाइलचा संदेश जमिनीवरच्या टॉवरकडे जातो, आयनांबरावर आपटून परत येत नाही. आणि आपल्याच दीर्घिकेत, तुलनेने जवळ, नेमका आपल्या रोखाने स्फोट झालाच, तर धोका ओझोनच्या थराला असेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ओझोन वाचत नाही.

‘नासा पाहा.’ जरूर पाहा. स्फोटांच्या सूचना नासा सर्वांसाठी खुल्या ठेवते. २०२२ च्या त्या स्फोटाचे नाव जीआरबी २२१००९ए. २२ म्हणजे वर्ष, १० महिना, ०९ तारीख, आणि ए म्हणजे त्या दिवशीचा पहिला. स्फोट झाल्याखेरीज त्याचे बारसेच होत नाही. मेसेजमध्ये मात्र तारीख नसते. नुसते ‘आज रात्री’.