"ग्लू लावून ग्राहकाला फसवतात" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची टॉर्च बंद पडली, तुम्हाला मनस्ताप झाला आणि आमच्याकडून उत्तर यायला वेळ लागला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. माल विकला की हात झटकायचे, असा आमचा धंदा नाही. म्हणूनच एक स्टार पाहून फार वाईट वाटलं. आमचं काम लहान आहे. नवीन माणूस आमची टॉर्च घ्यायची की नाही हे इथले रिव्ह्यू वाचूनच ठरवतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंत की टॉर्चचं हेड, म्हणजे काच आणि एलईडी असलेला पुढचा भाग, आम्ही मुद्दाम इपॉक्सी (कायमचा कडक होणारा ग्लू) लावून बंद केलं आहे. घराला कुलूप लावून चावी बिल्डरनेच ठेवावी तसा हा प्रकार आहे, असंही तुमचं म्हणणं. शिवाय ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, तकलादू निघाला, असंही. आणि "उघडली म्हणजे वॉरंटी गेली" असं सांगून आम्ही तुम्हाला वाटेला लावलं, असा आरोप. वाचणाऱ्याला यातून वाटेल की टॉर्च आपोआप बंद पडली, मग तुम्ही ती उघडून पाहिली. क्रम तसा नव्हता, सर. टॉर्च चालू होती. तुम्ही ती उघडलीत, एलईडी बदललात, आणि त्यानंतर ती बंद पडली. तुमच्या पहिल्या मेसेजमध्ये एलईडी बदलल्याचा उल्लेखच नव्हता. "अचानक बंद पडली" एवढंच होतं. ते आम्हाला टॉर्च टेबलावर आल्यावर कळलं.

बेझल रिंगवर (काच धरून ठेवणाऱ्या पुढच्या कड्यावर) पकडीच्या दातांचे व्रण होते, काळं ॲनोडायझिंग (धातूवरचा संरक्षक थर) खरवडून आतलं पांढरं ॲल्युमिनियम दिसत होतं. काच काढली तर एलईडीभोवतीची पांढरी प्लॅस्टिकची रिंग गायब. ही रिंग एलईडी मधोमध धरते आणि रिफ्लेक्टर (प्रकाश पुढे फेकणारी चकचकीत वाटी) बोर्डाला टेकू देत नाही. ती नसल्यामुळे रिफ्लेक्टरचा तळ थेट सोल्डरवर बसला होता आणि तिथे घासल्याची चमकदार खूण होती. रिफ्लेक्टर धातूचा असतो, असा टेकला की शॉर्ट व्हायला दुसरं काही लागत नाही.

पण ड्रायव्हर त्याने गेलेला नाही. तुम्ही एलईडी त्याच्या तांब्याच्या बोर्डासकट बदललात. मूळ एलईडी ६ व्होल्टचा होता, तुम्ही बसवलेला ३ व्होल्टचा. हौशी मंडळी उबदार प्रकाशासाठी आणि चांगल्या सीआरआयसाठी (रंग खरे दिसण्यासाठी) असे एलईडी आवडीने लावतात, त्यात गैर काहीच नाही. मात्र या टॉर्चमध्ये बूस्ट ड्रायव्हर आहे. सेलचं व्होल्टेज वाढवून एलईडीला देणं एवढंच त्याला येतं, सेलच्या खाली तो उतरू शकत नाही. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. पुढे ३ व्होल्टचा एलईडी आला की करंटवर ड्रायव्हरचा ताबाच राहत नाही. सेलमधून येईल तेवढा करंट कॉइल आणि डायोडमधून सरळ एलईडीत घुसतो. तुम्हीच लिहिलं आहे की "बटण दाबताच निळसर भपका मारला आणि गेली." क्षमतेच्या कितीतरी पट करंट मिळालेला पांढरा एलईडी मरण्याआधी तसाच निळा पडतो. याला तकलादू ड्रायव्हर म्हणणं आमच्या कामावर अन्याय आहे. हा ड्रायव्हर आमच्याच टेबलावर बनतो, आणि प्रत्येक टॉर्च पूर्ण प्रकाशावर तापवून पाहिल्याशिवाय आम्ही पॅक करत नाही.

आता ग्लूबद्दल, कारण सर्वांत जास्त तेच लागलं. आम्ही इपॉक्सी लावत नाही. बेझलच्या आट्यांवर निळा, मधल्या ताकदीचा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा ग्लू, असतो. तो हवेत ओलाच राहतो. आटे बसून हवा बंद झाली आणि धातू लागला की घट्ट होतो. ॲनोडाइझ केलेल्या आट्यांवर त्याला वेळ लागतो, म्हणून जोडलेल्या टॉर्च रात्रभर तशाच ठेवतो. घाई केली तर चालण्यासारखं आहे, पण करत नाही. हा ग्लू हाताच्या अवजारांनी सुटतो. बेझल थोडी गरम करायची, रबराचा पट्टा किंवा स्ट्रॅप रेंच लावायचा आणि दमाने फिरवायचं, एवढ्यात काम होतं. तुम्हाला कायमचं बाहेर ठेवायचं असतं तर लाल थ्रेडलॉकर लावला असता. तो सोडवायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी रिंग) आणि आतलं सोल्डर यांचं काय होतं हे तुमच्यासारख्या माणसाला सांगायला नको. म्हणजे चावी आम्ही ठेवून घेतलेली नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितली असती.

ग्लू का लावतो, तेही सांगतो. सेल बदलताना लोक अंधारात टेलकॅपऐवजी (मागच्या झाकणाऐवजी) हेडकडूनच पिळतात. बेझल अर्धा आटा जरी सैल झाली तरी काचेखालच्या ओ-रिंगवरचा दाब जातो. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या पावसात काचेआड वाफ धरते, मग बोर्ड काळा पडतो, आणि ग्राहक म्हणतो की वॉटरप्रूफ सांगून फसवलं. आयपीएक्स८ (पाण्यात बुडाली तरी चालेल असा दर्जा) लिहून टॉर्च विकायची तर ती ओ-रिंग जागेवर दाबलेली राहील याची जबाबदारी आमची. टॉर्च घेणाऱ्यांत मॉडिफिकेशन, म्हणजे आतले भाग बदलून प्रयोग, करणारे थोडे असतात. बाकीच्यांना ती पावसात, चिखलात, हातातून पडूनही पेटायला हवी असते. टेलकॅप, स्विच आणि सेलच्या बाजूला आम्ही ग्लूचा थेंबही लावत नाही, कारण तिथे उघडझाप होणारच. हेड सील केलेलं आहे, हे विक्रीच्या पानावर बॅटरीच्या माहितीखाली लिहिलेलंही आहे.

वॉरंटीसाठी तुम्ही अमेरिकेतल्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयीच्या कायद्याचा दाखला दिलात. तो इथे लागू आहे की नाही या वादात शिरत नाही, कारण त्यातलं तत्त्व आम्हाला मान्यच आहे: वस्तू उघडली किंवा दुसरा भाग बसवला, एवढ्यावरून वॉरंटी नाकारू नये, बिघाड त्यामुळेच झाला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या मेसेजमध्ये "उघडली म्हणून" असं कुठेही नाही, कृपया पुन्हा वाचा. "३ व्होल्टचा एलईडी बसवल्यामुळे ड्रायव्हर जळला" असं आहे, सोबत फोटोही आहेत. याच टॉर्चचा स्विच किंवा चार्जिंग पोर्ट गेला असता तर हेड उघडलेलं असूनही आम्ही तो वॉरंटीत बदलून दिला असता. आजही देऊ.

मॉडिफिकेशन करणाऱ्यांशी आमचं वैर नाही. आम्ही स्वतः तिथूनच आलो, दुसऱ्यांच्या टॉर्च उघडून शिकलो. म्हणूनच "ग्राहकाला घाबरणारी कंपनी" हे शब्द झोंबले. कोणता ड्रायव्हर आहे, एलईडी किती व्होल्टचा चालेल, असं कोणी विचारलं तर आम्ही लपवत नाही. बोर्डाचा व्याससुद्धा सांगतो. हौशी लोकांसाठी ग्लूविना हेड देता येईल का, याचा विचार चालू आहे. त्यात पाण्याच्या खात्रीचं काय करायचं, हे अजून ठरायचं आहे. विक्रीच्या पानावरची ती ओळही आणखी ठळक करू, आणि मेसेजला उत्तरं लवकर जातील असं बघू.

तुमच्या टॉर्चचं म्हणाल, तर ड्रायव्हर आणि मूळ ६ व्होल्टचा एलईडी बोर्डासकट आम्ही सुट्या भागांच्या किमतीत बसवून देतो, मजुरी घेणार नाही. किंवा ३ व्होल्टचाच एलईडी हवा असेल तर त्याला जुळणारा ड्रायव्हर टाकून देऊ, त्याचा प्रकाश तुम्हाला आवडेल अशी खात्री आहे. बेझलवरचे व्रण मात्र जाणार नाहीत. ती नवी हवी असल्यास वेगळी घ्यावी लागेल. यातलं काय करायचं ते मेसेजवर कळवा, तोपर्यंत टॉर्च आमच्याकडे जपून ठेवली आहे, तुमचा एलईडीही वेगळ्या पाकिटात आहे.

स्टार किती द्यायचे हा तुमचा हक्क आहे. फक्त एलईडी आधी बदलला होता, एवढी एक ओळ रिव्ह्यूमध्ये घाला, ही विनंती.