नैसर्गिक आहे, म्हणून अंगावर काढायचं?

चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी म्हणून एक मेसेज खूप फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. पाळी जाण्याचा काळ हा आजार नाही, निसर्गक्रम आहे. आधीच्या बायकांना असले त्रास नव्हते. पाळी चालू आहे तोवर मेनोपॉजचा प्रश्नच येत नाही. चिडचिड आणि उदासी रिकाम्या मनातून येते. या वयात अंगावरून जास्त जाणं म्हणजे शरीराची शुद्धी. हार्मोनचे उपचार घेतले की कॅन्सर ठरलेला. तेव्हा मन रमवा, सहन करा, वर्ष-दोन वर्षांत सगळं शांत होईल.

यातलं निसर्गक्रमाचं वाक्य खरं आहे. बाकीची विधानं एक तर चुकीची आहेत किंवा अर्धवट, आणि त्यातलं एक जिवावर बेतू शकतं. सुरुवात त्याच्यापासूनच करते.

जास्त रक्तस्राव ही शुद्धी नाही. पाळीच्या रक्तात शरीरातली घाण नसते. ते रक्त असतं आणि गर्भपिशवीचं अस्तर असतं. या वयात अंडाशयातून दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही. ते पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसं तयार होत नाही, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र अस्तर वाढवत राहतं. मग पाळी दोन-दोन महिने लांबते आणि आली की थांबत नाही. इथवरचं कारण हार्मोनचंच. पण गर्भाशयातल्या गाठी, पॉलिप (अस्तरावर आलेले कोंब), अस्तराची अवाजवी वाढ आणि कधी कधी अस्तराचा कॅन्सर, यांचंही लक्षण हेच असतं. कोणाला नेमकं काय झालंय हे घरी बसून सांगता येत नाही. त्यासाठी तपासणी आणि सोनोग्राफी लागते, गरज पडली तर अस्तराचा तुकडा काढून तपासावा लागतो.

हे सहन करणारी बाई कशी जगते तेही सांगते. बाहेर पडताना ती दोन पॅड एकावर एक लावते, गडद रंगाचेच कपडे निवडते, खुर्चीवरून उठण्याआधी शेजारणीला हळूच ‘मागे काही लागलं नाही ना’ म्हणून विचारते. काही महिन्यांनी जिना चढताना तिला धाप लागायला लागते, केस गळतात, छातीत धडधडतं. ‘वय झालं’ असं सगळेच म्हणतात, तीही म्हणते. हिमोग्लोबिन तपासलं तर अवघं ७ निघतं. ज्याला शुद्धी म्हणत होतो, त्यात तिच्या अंगातलं लोह वाहून गेलेलं असतं.

म्हणून हे लक्षात ठेवा. सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत असेल आणि चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रक्ताच्या मोठ्या गुठळ्या पडणं, सात दिवसांहून जास्त रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त दिसणं, हेही दाखवायलाच हवं. आणि पाळी जाऊन १२ महिने उलटल्यावर एक डाग दिसला, तरी थांबायचं नाही. बहुतेकींचं कारण साधं निघतं, पण अशा दहाजणींपैकी साधारण एकीला अस्तराचा कॅन्सर असतो, आणि तो लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. दाखवलं की पिशवीच काढतील, या भीतीनेही बायका थांबतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, प्रोजेस्टेरॉन आहे, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं आहेत. ऑपरेशन हा एकमेव रस्ता नाही.

आता ‘पाळी चालू आहे तोवर प्रश्नच नाही’ याबद्दल. उलट, सगळ्यात जास्त उलथापालथ याच वर्षांत होते. पाळी गेली असं म्हणायला सलग १२ महिने ती न यावी लागते, म्हणजे ते मागे वळून बघितल्यावरच कळतं. त्याआधीचा पेरिमेनोपॉजचा काळ सरासरी चार वर्षांचा असतो, कोणाकोणाचा आठ-दहा वर्षंही चालतो. या काळात इस्ट्रोजेन संथपणे उतरत जात नाही. एखाद्या महिन्यात ते तरुणपणापेक्षाही वर जातं, स्तन दुखतात, अंगावरून खूप जातं. पुढच्या महिन्यात कोसळतं आणि गरम वाफा, म्हणजे अंगात अचानक उसळणारी आग, सुरू होतात. म्हणूनच एका दिवसाच्या हार्मोन तपासणीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं की वय ४५ च्या पुढे असेल तर लक्षणांवरूनच निदान करावं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्यावं, कारण त्यांच्या तक्रारी याच्याशी मिळत्याजुळत्या असतात. चाळिशीच्या आत पाळी जाऊ लागली तर गोष्ट वेगळी. तिथे तपासण्या हव्यातच.

आणखी एक गैरसमज: पाळी अनियमित झाली की दिवस जात नाहीत. त्यातून नको असलेली गर्भधारणा होते. पाळी अनियमित झाली तरी दिवस जाऊ शकतात. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरायला सांगतात.

आधीच्या बायकांना त्रास नव्हता? एडवर्ड टिल्ट या लंडनच्या डॉक्टरांनी १८५७ मध्ये याच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यात गरम वाफा, घाम, चिडचिड सगळं आहे. ‘तेव्हा बायका इतक्या जगतच नव्हत्या’ हे उत्तरही मला पटत नाही. सरासरी आयुर्मान कमी दिसायचं ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे. चाळिशी गाठलेल्या अनेकजणी पुढेही जगत. त्रास होता, तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

‘रिकामं मन’ वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो. रात्रीचे तीन वाजलेत. छातीपासून वर चेहऱ्यापर्यंत आग उसळते, मानेखाली उशी ओली होते, पांघरूण भिरकावलं जातं. पाच मिनिटांत तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते. पुन्हा झोप लागेस्तोवर उजाडतं. असं महिनोन् महिने झाल्यावर सकाळी एखाद्या साध्या प्रश्नावर तिचा आवाज चढला, तर तिच्या मनात काही रिकामं आहे म्हणून चढत नाही. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र इस्ट्रोजेनच्या चढउतारांनी हळवं झालेलं असतं, आणि मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावरही त्याच चढउतारांचा परिणाम होतो. अमेरिकेत १९९६ पासून ‘स्वान’ या अभ्यासात ३,३०२ स्त्रियांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. या संक्रमणाच्या काळात नैराश्याची लक्षणं आधीपेक्षा वाढलेली दिसली. ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलंय त्यांना धोका जास्त. नावं न आठवणं, हातातलं काम विसरणं, याचीही नोंद तिथे आहे: नवं लक्षात ठेवण्याची गती या काळात मंदावते आणि पाळी गेल्यावर पुन्हा सावरते. स्मृतिभ्रंश सुरू झाला म्हणून धास्तावलेल्या बाईला हे कोणीतरी सांगायला हवं.

सगळं हार्मोनवरही ढकलू नये. आजारी आईवडील, घर सोडून गेलेली मुलं, नोकरीतला ताण, हे याच वयात येतं आणि त्याचं दुःख खरं असतं. दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर उपचार घ्यावेत. समुपदेशन आणि औषधं दोन्ही उपयोगी पडतात. जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा.

मन रमवणं, चालणं, योग, हे सगळं करावंच. झोप, हाडं, हृदय, मूड यांना त्याचा फायदा आहे, आणि हाडांची झीज तर शेवटच्या पाळीच्या सुमारे वर्षभर आधीच वेग घेते. पण गरम वाफा त्याने थांबतात असा पुरावा नाही. अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं, पूरक गोळ्या आणि वनौषधींबद्दलही तेच. रोज व्यायाम करूनही घामाने भिजणाऱ्या बाईचं काही चुकत नाहीये. वाफांसाठी त्यांनी सुचवलेल्या उपायांत विचार-वर्तन उपचारपद्धती आहे, काही नैराश्यरोधक औषधं आणि गाबापेंटिन हे फिट्सवरचं औषधही आहे.

‘वर्ष-दोन वर्षांत शांत होईल’ याला ‘स्वान’चे २०१५ मध्ये आलेले आकडे पुरेसे आहेत. वारंवार येणाऱ्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांचा मध्यक कालावधी ७.४ वर्षं निघाला, म्हणजे निम्म्याजणींना त्याहूनही जास्त, आणि पाळी चालू असतानाच ज्यांना हे सुरू झालं त्यांच्यात ११ वर्षांहून जास्त. योनीचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळची वेदना, लघवीची जळजळ यांचं तर आपोआप शांत होणं नसतंच. उपचार न केल्यास ते बहुधा वाढतं.

राहिला कॅन्सर. ही भीती हवेतून आलेली नाही. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त आढळला. किती जास्त? वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ८. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. गर्भाशय काढलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. धोका आहे, पण लहान आहे आणि औषध कोणतं, किती काळ, कोणत्या वयात यावर ठरतो. वय ६० च्या आत असेल किंवा शेवटच्या पाळीला दहा वर्षं झाली नसतील, आणि त्रास मोठा असेल, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना फायदा जास्त होतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात होऊन गेलाय, यकृताचा आजार आहे किंवा रक्तस्रावाचं कारण अजून कळलेलं नाही, त्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. गर्भाशय असलेल्या बाईने एकटं इस्ट्रोजेन घ्यायचं नाही. अस्तराच्या कॅन्सरचा धोका त्याने वाढतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. त्वचेवरच्या पॅच किंवा जेलने गुठळीचा धोका गोळ्यांपेक्षा कमी राहतो.

डॉक्टरकडे जाताना पाळीच्या तारखा, रोज किती पॅड लागले, रात्री कितीदा जाग आली, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर किंवा गुठळीचा त्रास होता का, एवढं लिहून न्या. न तपासताच ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणून परत पाठवलं, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.