पाऊस नाही, तरी पावसाळी गटार वाहते कशी?

दिवाळीपासून रोहिणी लागेपर्यंत आपल्या खान्देशात, एखादा अवकाळीचा फटका सोडला तर, पाऊस नसतो. गिरणा, पांझरा, बोरी या नद्याही उन्हाळ्यात वाहत्या दिसतात त्या बहुतेक धरणाचं आवर्तन सुटलं म्हणून. मग भर एप्रिलात आमच्या कॉलनीमागच्या पावसाळी गटारीला पाणी येतं कुठून? तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मुकादमाला विचारलं होतं, "पानी नही पडना, तरी गटार कशी व्हाई ऱ्हायनी भो?" मुकादमाने पावडर मारली आणि तो पुढच्या गल्लीत गेला.

बाबांच्या त्या प्रश्नापासूनच तपास सुरू व्हायला हवा. दोन-तीन दिवस कोरडे गेल्यावरही पावसाळी गटारीत पाणी चालू असेल, तर ते एखाद्या फुटलेल्या नळवाहिनीचं असेल, नाहीतर कुणीतरी सोडलेलं असेल. पुण्या-मुंबईकडे पावसाळा लांबतो, जमिनीतून पाझर येत राहतो. आपल्याकडे गटार कोरडी असायला हवी असे महिने वर्षातून सात-आठ मिळतात. चोरून सोडलेलं सांडपाणी शोधायला एवढी सोपी परिस्थिती फार ठिकाणी नसेल, आणि तरी आपण दरवर्षी पावडर, फवारणी आणि मे महिन्यातली नालेसफाई यावरच पैसे घालवतो.

हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण अनेकांना वाटतं की गटार म्हणजे गटार, त्यात काय सोडलं याने काय फरक पडतो. फरक पडतो. मैल्याची भुयारी गटार, जिथे आहे तिथे, निदान शुद्धीकरण केंद्रापर्यंत जाते. पावसाळी गटार थेट नाल्याला आणि नाला थेट नदीला. मध्ये ना जाळी, ना टाकी. त्यात कुणी चार इंची पाइप सोडला की तो तापीच्या खोऱ्यातच सोडला. खाली कुठल्या तरी गावाची जॅकवेल, म्हणजे पिण्याचं पाणी उपसायची विहीर, त्याच पात्रात असते. नाल्याकाठी मोटार लावून मेथी-कोथिंबीर पिकवणारेही आहेत, आणि ती भाजी परत आपल्याच बाजारात येते.

आता शोधायचं कसं ते सांगतो. यातलं जवळपास सगळं आम्ही वॉर्डातल्या लोकांनी स्वच्छता निरीक्षकांना सोबत घेऊन केलं आहे.

सुरुवात गटार नाल्याला मिळते त्या तोंडापासून करायची आणि प्रवाहाच्या उलट वर जायचं. प्रत्येक चेंबर उघडत बसू नका. मधलं चेंबर उघडा. तिथे पाणी असेल तर उगम त्याच्या वर आहे, कोरडं असेल तर खाली. मग उरलेल्या निम्म्याच्या मधलं. डोळे आणि नाक बरंच सांगतात. पांढरा फेस असेल तर धुण्या-भांड्याचं पाणी, काळं आणि कुजका वास असेल तर सेप्टिक टँक, थिजलेले तेलाचे गोळे असतील तर स्वयंपाकघर. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने ढवळून बघा. ऑइलचा असेल तर तवंग परत जुळतो, लोहाच्या जिवाणूंचा असेल तर काचेसारखे तुकडे होऊन फुटतो.

पण सोडणारे हुशार असतात, रात्री सोडतात. त्यासाठी फाटे जिथे मिळतात तिथे प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी वाळूची छोटी गोणी आडवी टाकून ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्या गोणीमागे पाणी साचलं, तो फाटा चालू. पावसाआधी गोण्या आठवणीने काढायच्या.

कापसाचाही उपयोग होतो, आणि कापूस आपल्याकडे घरोघरी आहे. कपड्यांच्या साबण-पावडरीत कापड उजळ दिसण्यासाठी एक रसायन घालतात. ते साध्या कापसाला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. बोंडातला, प्रक्रिया न केलेला कापूस जाळीत बांधून तीन-चार दिवस गटारीत टांगायचा, धुऊन वाळवायचा, आणि नोटा तपासायच्या टॉर्चखाली अंधारात बघायचा. तसाच एक कोरा बोळा शेजारी ठेवायचा, म्हणजे फरक कळतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2015 साली याच तत्त्वावर, टॅम्पॉनमधला कापूस वापरून, नाल्यांत मिसळणारं सांडपाणी शोधून दाखवलं होतं.

आमच्या गटारीचं कोडं मात्र पंचांगाने सोडवलं. कॉलनीतल्या एका ताईंनी पाणी कधी वाढतं त्याची वहीत नोंद ठेवली होती. कुणीतरी त्या तारखा कालनिर्णयाशी ताडून पाहिल्या, तर सगळ्या लग्नतिथी! वरच्या अंगाला एक मंगल कार्यालय आहे. निरीक्षकांनी तिथल्या भांडी घासायच्या मोरीत हिरवा रंग ओतला, आणि थोड्याच वेळात आमच्या चेंबरमध्ये हिरवं पाणी आलं. शहाबादी फरशीखालून पाइप काढलेला होता. त्यानंतर वाद घालायला काही उरलं नाही. कागदावर तारीख, वेळ, फोटो आणि पंचनामा होता.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, स्वतःही वाकून डोकं आत घालू नका. पावसाळी गटारीत मैला मिसळला की तिथेही हायड्रोजन सल्फाइड साचतो. जास्त प्रमाणात असला की त्याचा वास येणंच बंद होतं, आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारीत वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. झाकण काढायचं, हवा खेळू द्यायची, वरून टॉर्च मारायचा. बस.

पाइप सापडल्यावर पुढे काय, यावर माझं मत ठाम आहे. नुसतं सिमेंटने तोंड बंद केलं तर पाणी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये निघतं. मंगल कार्यालय, वॉशिंग सेंटर, वेफर्सचा कारखाना, डाळ मिल यांना तेल-गाळ अडवणारी टाकी आणि योग्य जोडणी करायची मुदत द्या, आणि मुदत संपली की कारवाई करा. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे असं पाणी प्रवाहात सोडायला मनाई आहे, आणि कलम 33अ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. पण दोन खोल्यांच्या घराला तोच न्याय लावणं मला मान्य नाही. ज्या गल्लीत भुयारी गटारच टाकली नाही, तिथल्या माणसाने मोरीचं पाणी सोडायचं कुठे? तिथे आधी पालिकेने सोय करावी.

आणि निधी नाही हे उत्तर चालत नाही. आपल्या शेजारच्या रतलामचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उघडी गटारं, रस्त्यावर घाण, आणि दारूच्या कारखान्याचं दुर्गंधीचं पाणी अशी लोकांची तक्रार होती. 1980 साली न्यायालयाने सांगितलं की पैशाची अडचण पुढे करून नगरपालिकेला हे कर्तव्य टाळता येणार नाही. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवायचा आदेश देणारं कलम, वापरलं गेलं. आज तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे, आणि अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो.

आमची मागणी अशी आहे की नालेसफाईचा जेसीबी उतरण्याआधी, एप्रिलमध्येच, प्रत्येक वॉर्डातली कोरड्या दिवसांत वाहणारी गटारतोंडं पालिकेने नकाशावर मांडावीत आणि तो नकाशा कार्यालयाबाहेर लावावा. अर्ज तयार आहे. आपल्या वॉर्डातल्यांनी रविवारी सकाळी मारुती मंदिरापाशी सहीला यावं. ज्यांच्याकडे गटारीचे फोटो आहेत त्यांनी तारीख, वेळ आणि जवळच्या चेंबरची खूण मागे लिहून आणावी.