झाकून ठेवलेले संगणक

म्युनिकमध्ये आमच्या भागात महिन्यातल्या एका शनिवारी रिपेअर कॅफे भरतो. बिघडलेली वस्तू घेऊन यायचं, जाणकार माणसाशेजारी बसून ती उघडायची, मध्ये कॉफी-केक. मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमला ही पद्धत सुरू केली, आता ती जर्मनीत गावोगावी पोचली आहे. मी तिथे लॅपटॉपच्या टेबलावर बसतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, संपला. त्याच्या आधीपासूनच आमच्या टेबलापुढची रांग वाढत होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालती यंत्रं एका तारखेपासून म्हातारी ठरली. आम्ही जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतो, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत, खुली कार्यप्रणाली टाकतो आणि प्रिंटर चालतोय हे दाखवल्याशिवाय कोणाला उठू देत नाही.

त्याच महिन्यात घरच्या ग्रुपवर वेगळाच वाद पेटला होता. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सप्टेंबरमध्ये चेन्नईच्या झोहो कंपनीच्या सॉफ्टवेअरवर गेल्याचं जाहीर केलं, आणि आमच्याकडे स्वदेशी सॉफ्टवेअर की परदेशी, यावर काका, आतेभाऊ, शेजारी सगळे हिरिरीने बोलू लागले. झोहो ही आपली कंपनी, तिचं कौतुक मलाही आहे. पण कराडजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत दहा संगणक प्लॅस्टिकच्या कव्हराखाली पडून होते, त्यांच्याबद्दल त्या वादात कोणी चकार शब्द काढला नाही. दादा त्याच शाळेत शिक्षक आहे. तो म्हणाला, "भंगारात काढायचं पत्र तयार आहे, फक्त सही बाकी." मी म्हटलं, "दादा, डिसेंबरपर्यंत थांब. मी येतोय."

डिसेंबरात चार दिवस आम्ही दोघं त्या खोलीत बसलो. यंत्रं २०१२ च्या सुमाराची, दोन जीबी रॅमची. चार यंत्रं मेली होती, त्यांतली काही रॅम काढून उरलेल्या सहांपैकी काहींत घातली. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार जीबीवर नीट चालते. मग एक विचित्र अडचण आली. इंटरनेट जोडलेलं, पण ब्राउझर एकही संकेतस्थळ उघडेना, प्रत्येक वेळी 'असुरक्षित' म्हणून अडवायचा. दादाला वाटलं, लिनक्सच बिघडलं. घड्याळ पाहिलं तर यंत्र अजून २०१२ सालात होतं. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की बंद यंत्राला तारीख लक्षात राहत नाही, आणि तारीख चुकली की संकेतस्थळांची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. गावातल्या घड्याळवाल्याकडून सहा सेल आणले आणि काम झालं. अशा सेलपायी किती शाळांत किती यंत्रं बंद पडली असतील, हा विचार मला अजून सोडत नाही.

खरी अडचण मराठीची निघाली. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, दाखले, इतिवृत्तं युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली की वाचता येतं, पण तो मजकूर शोधता येत नाही, युनिकोडमध्ये नेल्याशिवाय दुसरीकडे वापरता येत नाही. आपलीच अक्षरं आपणच एका सॉफ्टवेअरच्या दावणीला बांधून ठेवली होती. स्वदेशीच्या वादात मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. कंपनी चेन्नईची असो की अमेरिकेची, आपलं लिखाण उद्या तिच्याशिवाय उघडेल का, हे आधी विचारायला हवं. नवीन कागद आता दादा इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर युनिकोडमध्ये लिहितो आणि लिब्रेऑफिस या मोफत, खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. पहिला आठवडा त्याचे हात अडखळत होते.

इथल्या लोकांना सगळं जमलं, असं मी मुळीच म्हणत नाही. म्युनिक शहरानेच २००३ मध्ये महापालिकेचे संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी मोडून महापौरांना भेटायला आले होते. शहर बधलं नाही, चौदा-पंधरा हजार यंत्रं बदलली. आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. मधल्या वर्षांत कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साचत गेल्या, संगणकाची कामं वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली होती. त्याच काळात नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालातही बऱ्याच अडचणी लिनक्सच्या नसून कारभाराच्या असल्याचं म्हटलं होतं. उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार यंत्रांवर लिब्रेऑफिस आणायचं ठरवलं, त्यांच्याकडे मी आशेने पाहतो आहे.

पण दादाला मी उदाहरण दिलं ते केरळचं. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. त्यांनी आधी शिक्षक तयार केले, परीक्षाही त्याच सॉफ्टवेअरवर घेतल्या. २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाने शाळाशाळांत मुलांचे गट आहेत, ती मुलं शाळेतली तांत्रिक कामं करतात. म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी यंत्राची ओळख असणारं कोणीतरी शाळेत उरतं. आपल्याकडे एका हौशी गुरुजींनी प्रयोगशाळा उभी करायची आणि त्यांची बदली झाली की तिला कुलूप लागायचं, हे मी माझ्या लहानपणापासून बघतोय. महाराष्ट्रात हात कमी नाहीत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जो माणूस दहा मिनिटांत मदरबोर्ड बोलता करतो, तसा इथे शोधून सापडत नाही. त्या हातांना शाळेशी जोडून देणारा तालुक्याला एक माणूस जरी नेमला, तरी भंगाराची कितीतरी पत्रं सहीविना पडून राहतील.

परत निघण्याआधी आम्ही सातवीतल्या चार मुलांना एक मेलेलं यंत्र खोलायला दिलं. रॅम कशी काढायची, सेल कसा बदलायचा, पेनड्राइव्हवरून मिंट कसं टाकायचं, एवढंच शिकवलं आणि पेनड्राइव्ह त्यांच्याकडेच ठेवला. गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. मेलेल्या चारांपैकी दोघांचे भाग एकत्र करून मुलांनी सातवं यंत्र चालू केलंय. पंखा फार आवाज करतोय, म्हणून त्यांनी मला विचारलंय, कुठलं तेल घालायचं.