डोंगर उभा ठेवायचे पैसे कोण देणार?

2019 च्या ऑक्टोबरात आरेतल्या झाडांसाठी लोक रात्री रस्त्यावर उतरले, ते योग्यच होतं. पण कोकणातलं जंगल तोडताना सह्या कोणाच्या लागतात, ठाऊक आहे? लालबाग, भांडुप, नालासोपाऱ्यात राहणाऱ्या आपल्याच चाकरमान्यांच्या.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बहुतेक जंगल सरकारी नाही, मालकीचं आहे. सातबाऱ्यावर ढीगभर नावं, निम्मी मुंबईत, काही तर कधीच वारलेली. ठेकेदार गावातला एखादा भाऊबंद हाताशी धरतो आणि रविवारी मुंबईत घरोघर फिरून सह्या गोळा करतो. आमचा डोंगर असाच गेला. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं एका उन्हाळ्यात ट्रकात चढलं. वाट्याला जे आलं त्यात गणपतीचं मखरसुद्धा धड झालं नसतं. काकांवर चिडलो, तर ते शांतपणे म्हणाले, "उभ्या रानाचे पैसे कोण देता रे?"

याला आपल्या धोरणाकडे उत्तरच नाही. 1964 चा झाडतोडीचा कायदा ठरावीक जातींची झाडं मोजतो. जंगल मोजत नाही. राखणाऱ्याला तर तो काहीच देत नाही.

मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. तिथलं वर्षावन गुरांच्या कुरणांपायी भराभर संपत होतं. 1996 च्या वनकायद्यानं जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायला बंदी घातली आणि इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या मालकांना पैसे देणं सुरू झालं. आज निम्म्याहून अधिक देशावर जंगल आहे. (कायद्याआधीच गोमांसाचे भाव पडले होते, त्याचाही हातभार होताच.) ब्राझीलनं दंडुका वापरला: उपग्रहावरून पाळत, धाडी, आणि 2008 पासून बेकायदा तोड करणाऱ्यांचं बँककर्ज बंद. अॅमेझॉनमधली वार्षिक तोड 2004 मध्ये 27 हजार चौरस किलोमीटरच्या वर होती, ती 2012 मध्ये साडेचार हजारांवर आली. पुढे सरकारनं हात सैल सोडला आणि 2021 मध्ये ती पुन्हा 13 हजारांवर गेली.

आपण काय केलं? 33 कोटी वृक्षलागवड. खड्डे, फोटो आणि गिरिपुष्पासारखी झटपट वाढणारी परदेशी झाडं. अहो, सह्याद्रीतल्या तोडलेल्या खुंटाला पावसाळ्यात आपोआप फुटवा येतो! वणवा लागू दिला नाही आणि जेसीबी लावून मुळं उपटली नाहीत, तर डोंगर स्वतःच भरून येऊ लागतो. रबर किंवा काजूसाठी उतार साफ केला की मात्र खेळ खलास.

म्हणून माझं म्हणणं: मुंबईत विकल्या जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलवरच्या करातला छोटासा वाटा सह्याद्रीतल्या मालकी जंगलासाठी वेगळा काढा. रान उभं आहे का, हे दरवर्षी उपग्रहावरून तपासा आणि मगच पैसे द्या. तोडीपेक्षा राखण्यात थोडं जास्त मिळालं तरी गावात हिशोब बदलेल.

अडचण मलाही दिसते. मेलेल्या आजोबांच्या नावावरचे पैसे कोणाच्या खात्यात घालणार? वारसनोंदींची वाट बघत बसलो तर जंगल आधी संपेल. त्यापेक्षा करार वाडीशी करावा, पैसे ग्रामपंचायतीत वेगळ्या खात्यावर ठेवावेत आणि त्यातून आधी वणव्याच्या राखणदारांचा पगार द्यावा. भाऊबंदांचं भांडण चालू राहू दे सावकाश. तोवर निदान ठेकेदाराला रविवारी मुंबईत यायचं कारण उरणार नाही.