'सम लाइक इट हॉट'मधले गुंड वगळून बघा

बिली वाइल्डर यांच्या 'सम लाइक इट हॉट' (१९५९) या चित्रपटाविषयी एक मत वरचेवर फिरत असते. त्यानुसार दोन पुरुषांनी बायकांचा वेश घेणे एवढाच त्यातला विनोद आहे, शिकागोतले गुंड निव्वळ तोंडी लावण्यापुरते आहेत, कृष्णधवल चित्रण काटकसरीपोटी झाले आणि आपली 'अशी ही बनवाबनवी' ही त्याचीच नक्कल आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

गुंडांपासूनच सुरुवात करू. वेशांतर करणाऱ्या वादकांची कल्पना १९३५च्या एका फ्रेंच चित्रपटातून आणि १९५१च्या त्याच्या जर्मन आवृत्तीतून आली. तिथे गुंड नव्हतेच. वाइल्डर आणि सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांनी ते मुद्दाम आणले, कारण पोटासाठी घेतलेला वेश नको झाला की उतरवता येतो, जिवासाठी घेतलेला उतरवता येत नाही. याचा पुरावा पटकथेतच आहे. जो आणि जेरी हे दोन वादक कफल्लक झालेले असतात, शिकागोच्या थंडीत त्यांच्या अंगावर ओव्हरकोटही उरलेले नसतात, आणि महिलांच्या वाद्यवृंदात जागा असल्याचे कळताच जेरी बायकांचा वेश घेण्याचे सुचवतो. जो मात्र ती कल्पना झिडकारून टाकतो. पुढे गॅरेजमधले हत्याकांड डोळ्यांदेखत घडल्यावर तोच जो बायकी आवाजात फोन करून ती जागा मिळवतो. वाद्यवृंदासोबत फ्लोरिडात गेल्यावर प्रेमप्रकरणे रंगून धोक्याचा विसर पडू लागतो, तेव्हा ते हत्याकांड घडवणाऱ्या स्पॅट्स कोलंबोची टोळी नेमकी त्याच हॉटेलात उतरते. गुंड काढून टाकले, तर हे दोघे मध्यंतरापूर्वीच पँट चढवून घरी जातील.

शिवाय हे गुंड वरवरचे नाहीत. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोच्या नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरील गॅरेजमध्ये सात जणांना गोळ्या घालण्यात आल्या, त्या घटनेवर तो प्रसंग बेतलेला आहे. मृतांत एक चष्मे विकणारा आणि एक मोटार मेकॅनिकही होता. दारूबंदीच्या काळातली ही भीती खरी होती म्हणूनच शवपेटीतून दारू वाहून नेण्याचा सुरुवातीचा विनोद एवढा बोचतो. स्पॅट्सच्या भूमिकेत जॉर्ज राफ्ट आहेत, ही निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. १९३२मध्ये नाणे उडवत राहणारा गुंड साकारून गाजलेले राफ्ट इथे नाणे उडवणाऱ्या एका पोरसवदा गुंडालाच हटकतात.

काटकसरीचे म्हणणे तर उलटेच आहे. नायिका मर्लिन मन्रो यांच्या करारात रंगीत चित्रणाची अट होती. पण चाचणीत पुरुष कलाकारांचा जाड मेकअप हिरवट दिसू लागला, म्हणून ती अट सोडण्यास मन्रो यांचे मन वळवावे लागले.

राहिली 'बनवाबनवी' (१९८८). तिची वंशावळ वेगळी आहे. ती हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावरून आलेली आहे. तिच्यात परश्या आणि सुधीर यांना साडी नेसावी लागते ती पुण्यातल्या खोलीसाठी, कारण घरमालकीणबाईंना बिनलग्नाचे भाडेकरू नको असतात. त्यांच्यामागे मशिनगन नाही, डोक्यावर छप्पर नसणे आहे, आणि म्हणूनच त्या चित्रपटाचा विनोद भीतीऐवजी लबाडीच्या अंगाने फुलतो. वाइल्डर यांचा वारस शोधायचाच असेल, तर तो 'रफू चक्कर' (१९७५) आहे. तिथले दोन वादक खून पाहूनच पळ काढतात.